काँप्युटर बघण्याचा कार्यक्रम

"तुम्ही काँप्युटरातले म्हणे," भरतेशअण्णा म्हणाले.

माझ्या तोंडात पोह्यांचा मोठा घास होता, म्हणून मी नुसती मान हलवली. ती उभी हलली की आडवी, हे मला आजही छातीठोक सांगता येणार नाही. पण शेजारी बसलेल्या पायगोंडामामानं ती उभीच धरली.

"काँप्युटरातला म्हणजे? अहो, पुण्याच्या कंपनीत ह्याच्याशिवाय पान हलत न्हाई. बंद पडलेलं मशीन ह्यानं नुसता हात लावला की चालू हुतंय."

"मग बरंच झालं की!" अण्णा खूश झाले. "आमच्या त्रिशलाचा काँप्युटर सकाळपासनं बंद पडलाय. पडद्यावर कायच येत न्हाई बघा. जरा नजर टाकता का? तेवढंच दोघांचं बोलणंबी हुईल."

घास मी गिळला नाही, तो भीतीनं आपला आपणच खाली उतरला.

हे सगळं घडलं जयसिंगपूरला, दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी, अण्णांच्या घरी. मी मुलगी बघायला गेलो होतो. मी म्हणजे शीतल मगदूम. आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या जैनांत शीतल हे मुलाचं नाव असतं. पुण्यातल्या कंपनीला ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे पहिल्याच संक्रांतीला मला हळदीकुंकवाचं आमंत्रण आलं होतं. तिथं माझं काम एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर तपासण्याचं. सांगितलेली बटणं दाबायची आणि काय बिघडलंय ते लिहून पाठवायचं. बिघडलंय एवढं सांगितलं की माझी जबाबदारी संपली. दुरुस्त करणारी माणसं वेगळी, ती दुसऱ्या मजल्यावर बसायची. काँप्युटरचा डबा उघडा कसा दिसतो हे मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण माझा बायोडेटा लिहिला होता मामानं, आणि त्यात 'संगणकतज्ज्ञ' असा शब्द ठळक अक्षरात होता.

"मामा, ते हार्डवेअर असतं. माझं सॉफ्टवेअर," एवढं मी तिथंच म्हणू शकलो असतो. एरवी म्हटलंही असतं. त्याआधी मी कितीतरी घरचे पोहे खाऊन आलो होतो आणि घरी येऊन ढाराढूर झोपलो होतो. नकार आला तरी माझी झोप कधी उडाली नाही.

ह्या वेळी मात्र गोम वेगळी होती. त्रिशला पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, माझ्यापुढं बशी ठेवली आणि मान खाली घालायची सोडून तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. मंडईत वांगी निवडून घेताना बायका बघतात ना, कुठं किडकं आहे का म्हणून, तसं. मग ओठाच्या एका कोपऱ्यात हसू दाबत आत निघून गेली. बस्स. माझं काम तमाम झालं. हिनं नाही म्हटलं तर आपलं काही खरं नाही, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. आणि असं वाटत असताना 'मला येत नाही' हे शब्द कुणाच्या तोंडून निघतात?

"बघतो की," मी म्हणालो. मामानं माझ्या पाठीवर थाप मारली.

तिची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. दारावर 'त्रिशला ग्राफिक्स' अशी पाटी. जयसिंगपुरात चौकाचौकांत लागणारे वाढदिवसाचे, निवडीबद्दल हार्दिक अभिनंदनाचे, श्रद्धांजलीचे फ्लेक्स हीच तयार करायची. भिंतीवर नमुने चिकटवलेले. गावातले झाडून सगळे भावी नगरसेवक गॉगल लावून माझ्याकडं बघत होते.

दार अर्धं उघडं ठेवून ती आत आली. जरीकाठाची साडी, हातात बांगड्या, आणि दंडावर शाईचा एक डाग तसाच राहिलेला.

"बसा," ती म्हणाली आणि आपली खुर्ची माझ्याकडं सरकवली. स्वतः उभी राहिली.

टेबलाखाली काँप्युटरचा डबा होता, चांगला जुना, मूळचा पांढरा आणि आता पिवळट पडलेला. त्याच्या कपाळावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली. तिनं बटण दाबलं. आत पंखा घरघरला आणि मग आवाज आला: एक लांब पीं, मागोमाग दोन आखूड. पडदा काळाच.

मी गंभीर चेहरा केला. तो मला चांगला जमतो.

"बंद करून परत चालू करून बघितलाय का?"

"बघितलाय."

"केबल?"

"काढून परत लावली."

"मॉनिटर गेला असेल."

"दुसरा लावून बघितला. तोही काळाच."

"मग ड्रायव्हरचा प्रॉब्लेम असणार."

"असेल," ती म्हणाली. "पण बघायचा कसा? पडद्यावर काही दिसतच नाही."

तिचा चेहरा इतका निरागस होता की मला घाम फुटला.

"इंटरनेट चालू आहे का?" मी विचारलं. का विचारलं ते भगवान महावीरच जाणोत.

"आहे. त्याचं काय?"

"नाही, असू दे. असलेलं बरं." मी उठलो. "मला जरा हात धुवायचेत. मोरी कुठं?"

मोरी शेजारीच होती. एका अंगाला ही खोली, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर. मी आतून कडी घातली, नळ सोडला आणि इरफानला फोन लावला. इरफान माझा मिरजेचा मित्र, कंपनीतल्या दुसऱ्या मजल्यावरचा.

"शित्या, रविवारी सकाळी?" तो झोपेतच होता.

"इरफान, मुलगी बघायला आलोय."

"मग बघ की."

"तिचा काँप्युटर बंद आहे. मी मोरीतनं बोलतोय."

पलीकडं पलंग करकरला. मग तो असा हसायला लागला की मला नळ अजून मोठा सोडावा लागला. हसून झाल्यावर त्यानं विचारलं, "पीं कसं वाजतंय?"

"एक लांब, दोन आखूड."

"ग्राफिक्स कार्ड. पडद्यावर चित्र पाठवणारी पट्टी असते आत, पंखा लावलेली. तिला सोनेरी दात असतात. जुन्या मशीनमध्ये ते मळतात. पट्टी उपस, दातांवर खोडरबर घास, परत घट्ट बसव. एवढंच. आणि आधी प्लग काढ, नाहीतर हळदीआधीच जाशील."

मी छाती पुढं काढून खोलीत परतलो. खिशातल्या रुमालानं हात पुसले, आवाज खाली आणला.

"मला वाटतं, ग्राफिक्स कार्ड बघावं लागेल."

"हो का?" ती म्हणाली. "खोडरबर देऊ?"

तिनं ते माझ्या हातात ठेवलंसुद्धा. मनकवडी आहे पोरगी, मी मनात म्हटलं. माणूस प्रेमात पडला की त्याच्या डोक्याचं असं मातेरं होतं.

प्लग काढला. डब्याचं बाजूचं झाकण स्क्रू न काढताच हातात आलं. आत बघतो तर धुळीचा कण नाही. एवढा जुना काँप्युटर आणि आत देवघरासारखा लख्ख. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. टापटिपीची दिसते, एवढंच मनात आलं. पंखा लावलेली पट्टी मला सापडली. मी ती धरली आणि जीव खाऊन ओढली.

"अहो, हळू! मागं खिटी असते, ती आधी दाबायची. आज ती लागलेली नव्हती म्हणून निभावलं."

"माहितीय," मी म्हणालो, आणि खिटी कुठं आहे ते चोरून बघून घेतलं.

कार्ड हातात आलं. खाली खरोखरच सोनेरी दातांची रांग होती. मी खुर्चीत बसून रबर घासायला लागलो. बाहेरून मामाचा आवाज येत होता. मी म्हणे परदेशातल्या एका बँकेचा काँप्युटर पुण्यात बसून दुरुस्त केला होता. अण्णा "बापरे, बापरे" करत होते.

घासता घासता दातांवरून काहीतरी सुटलं. मला वाटलं सोनंच निघालं. नखानं धरून वर केलं तर पारदर्शक चिकटपट्टी! अगदी नवीकोरी, दातांच्या मापानं सरळ कापून नीट चिकटवलेली. विजेला जायला वाटच नको, अशी.

मी वर बघितलं. त्रिशला छताच्या पंख्याकडं बघत होती.

"हे काय?"

"काय?"

"चिकटपट्टी."

"अय्या!" ती म्हणाली.

इतकं खोटं अय्या मी जन्मात ऐकलेलं नाही. मी पट्टी तशीच तिच्यापुढं धरली. तिला हसू फुटलं. पदर तोंडावर दाबून ती स्टुलावर बसली.

"सकाळी लावली," ती हळू आवाजात म्हणाली. "कुणी बघायला येणार असलं की लावते. अण्णांना माहीत नाही, सांगू नका."

"पण कशाला?"

"सगळे मला विचारतात. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, एकत्र कुटुंबात राहणार का. मला पण एक विचारायचं असतं. माणूस अडला की काय करतो, ते. तोंडानं विचारलं तर कोण खरं सांगतंय?"

"मग आधीच्यांनी काय केलं?"

"एक बँकेतला होता. तो म्हणाला व्हायरस आहे, सगळं पुसून टाकावं लागेल. माझं एवढ्या वर्षांचं काम आहे त्यात! दुसरा म्हणाला, लग्नानंतर तुम्हाला हे कशाला लागतंय, विकून टाका. त्याच्यानंतरचा म्हणाला, एक लाथ घालून बघू का."

"आणि मी?"

"तुम्ही मोरीत गेलात."

माझ्या कानांतून वाफा निघाल्या. "ऐकू आलं?"

"भिंत एकच आहे. आणि तुम्ही नळ सोडलात म्हणून जास्तच मोठ्यानं बोलत होतात."

"म्हणजे मी नापास."

"निकाल अजून लागायचाय," ती उठत म्हणाली. "तुम्ही निदान कुणालातरी विचारलंत. बाकीच्यांना सगळं येत होतं. आता ते बसवून द्या पटकन. संध्याकाळपर्यंत इथल्या पुढाऱ्यांच्या, बापूंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स छपाईला जायचाय, आणि तो मात्र खरा आहे."

मला काय आनंद झाला सांगू! मी उरलीसुरली पट्टी सोलली, कार्ड जागेवर ठेवलं, अंगठ्यानं दाबलं, प्लग लावला आणि नव्या हॉटेलाची फीत कापणाऱ्या पुढाऱ्याच्या थाटात बटण दाबलं.

एक लांब पीं. दोन आखूड.

पडदा काळा.

"चेष्टा पुरे झाली," मी हसत म्हणालो. "दुसरी पट्टी कुठं लावलीय?"

ती हसली नाही. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. "कुठंच नाही. एकच लावली होती. काल संध्याकाळी मशीन ठणठणीत होतं." तिनं परत बंद केलं, परत चालू केलं. पीं, पीं-पीं. "तुम्ही हिसका मारलात! मी सांगत होते हळू म्हणून!"

"तुम्ही आधी सांगितलं नाही, मारल्यावर सांगितलं."

"कार्ड गेलं माझं," ती म्हणाली, आणि सरळ जरीच्या साडीसकट जमिनीवर बसली. "मशीनचं पडदा जोडायचं मूळचं तोंड कधीच मेलंय. हे कार्ड आहे म्हणून सगळं चाललंय. आज रविवार, सांगलीतली दुकानंसुद्धा बंद. बापूंचा फ्लेक्स वेळेत गेला नाही की त्यांची सगळी कामं स्टँडजवळच्या दुकानात जाणार. आणि अण्णा म्हणणार, झालं ते बरं झालं, आता लग्नाच्या वयात हे धंदे कशाला."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खरं सांगतो, त्या घटकेला मी माझं लग्न विसरलो. मला एवढंच वाटलं की आपण ह्या पोरीचं वाटोळं केलं, आणि ते निस्तरल्याशिवाय आपण ह्या घरातून हलायचं नाही. मीही तिच्या शेजारी फतकल मारली आणि खिशातून फोन काढला. ह्या वेळी मोरीत गेलो नाही, फोन मधे जमिनीवर ठेवून दोघांना ऐकू जाईल असा लावला.

"काय रे," इरफान म्हणाला, "अजून तिथंच? पोरगी कशी आहे?"

"इरफान—"

"नाही, तू मोरीत शिरलायस म्हणजे चांगलीच असणार. तू कुणासाठी एवढा घाबरत नाहीस."

"इरफान, ती इथंच बसलीय. ऐकतीय."

 मग तो एकदम सुतासारखा सरळ झाला. "नमस्कार वहिनी— म्हणजे ताई. काय होतंय मशीनला?"

त्रिशलानं डोळे पुसले. पण ओठाच्या त्या कोपऱ्यात पुन्हा काहीतरी हललं. तिनं त्याला सगळं नीट सांगितलं, चिकटपट्टीसकट. इरफाननं मधे एकदा "वा!" म्हटलं.

"कार्ड बसताना टक् असा आवाज आला का?" त्यानं विचारलं.

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

"नाही," मी म्हणालो.

"सकाळी माझ्या हातूनही आला नव्हता," ती म्हणाली. "खिटी लागलीच नाही. पण मला कुठं तेव्हा चालवायचं होतं? म्हणून मी तशीच ठेवली."

"मग कार्ड नका बघू. कार्ड बसतं ती खाच बघा. टॉर्च मारा. आणि शित्या—"

"प्लग काढतो," मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं एवढंच खरंखुरं ज्ञान.

मी मोबाइलचा उजेड धरला. ती पालथी पडून आत डोकावली. तिच्या बांगड्या डब्यावर वाजत होत्या. बाहेर मामाचं आख्यान थांबलं होतं आणि अण्णा घसा खाकरत होते. बराच वेळ झाल्याची ती खूण होती, पण आम्हाला त्याचं काय!

"आहे," ती कुजबुजली. "काहीतरी पिवळं आहे. अगदी टोकाला."

तिनं खांद्यावरच्या पदराची पिन काढली, पदर कमरेला खोचला आणि माशातून काटा काढावा... छे, आमच्यात कुणी मासा खात नाही. चिंचेतून चिंचोका काढावा तशी हलक्या हातानं ती वस्तू उचकटली. माझ्या तळहातावर टाकली. आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून बघत राहिलो.

तांदूळ होता. हळद लावलेला.

"अक्षता?" मी म्हणालो.

"आईनं पूजा केलेली दिसतीय," ती म्हणाली. "सकाळी कार्ड टेबलावर ठेवून मी अंघोळीला गेले होते, डबा उघडाच होता. तेव्हा—" ती बोलता बोलता थांबली. माझा हात ओढून तिनं तो दाणा उजेडात धरला. "हा तुटका आहे. ही कणी आहे."

"मग?"

"आई पूजेला कणी कधी घेत नाही. अखंड दाणेच वेचून घेते, एक तुटका चालत नाही तिला."

पण तेव्हा त्याचा विचार करायला सवड नव्हती. मी कार्ड उचललं, खाचेवर सरळ धरलं. "दाबा," ती म्हणाली. मी दाबलं. टक्! असा गोड आवाज मी नंतर कधी ऐकला नाही. प्लग लावला. बटण तिनं दाबलं.

एकच छोटा पीं झाला आणि पडदा उजळला. थोड्या वेळानं तिनं फ्लेक्स उघडला आणि पडद्यावर बापू आले, हात जोडलेले, गळ्यात हार, मागं उगवता सूर्य आणि सिंह. आम्ही दोघं असे ओरडलो की मामा आणि अण्णा धावत आत आले. बघतात तर मुलगी जमिनीवर, पदर कमरेला, मुलगा तिच्याशेजारी, आणि दोघांच्या तोंडाला डब्यावरचं कुंकू फासलेलं.

"झालं चालू?" अण्णांनी विचारलं.

"म्हटलं नव्हतं?" मामानं बापूंना नमस्कार केला. "नुसता हात लावायचा अवकाश!"

त्रिशला तरातरा उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मी तोंड धुवायला मोरीत शिरलो. मोरीतलं जसं खोलीत ऐकू जायचं, तसंच स्वयंपाकघरातलं मोरीत ऐकू यायचं. मी नळ सोडला नाही.

"आई, ही कणी तू घातलीस?"

"घातली," काकू शांतपणे म्हणाल्या. भांडी लावल्याचा आवाज चालूच होता.

"मुद्दाम?"

"मागं एकदा दसऱ्याच्या पूजेचा दाणा त्यात अडकला हुता, तेव्हा तो दुरुस्तीवाला काय म्हणालावता? कणीएवढं काय जरी गेलं तरी पट्टी बसत न्हाई. मी ध्यानात ठेवलं."

"आणि माझी चिकटपट्टी?"

"तुला काय वाटलं, मला दिसत न्हाई? घरातली चिकटपट्टी संपली की मी वळखती, स्थळ येऊन गेलं. तू पट्टी लावणार, माणसाला नाचवणार, आणि चहा व्हायच्या आत घालवून देणार. एवढ्यात कुणाचं मन कळतंय, व्हय ग? म्हटलं, आज खरंच बंद पडू दे. तो किती वेळ बसतोय ते तरी दिसंल."

 त्रिशलाला हसू आवरेना झालं. काकूही हसायला लागल्या. मोरीत मी भिंतीला टेकून उभा होतो, हसावं की पळून जावं ते कळत नव्हतं.

"बरं, मुलगा कसा वाटला ते सांग," काकू म्हणाल्या.

मी कान भिंतीला लावला.

"त्याला काहीसुद्धा येत नाही, आई," त्रिशला म्हणाली. "अगदी काहीसुद्धा. मला फ्लेक्स संपवायचाय, मी जाते."

संपलं! मी तोंड न पुसताच बाहेर आलो.  ती आपल्या खोलीत शिरली आणि तिनं दार लोटलं. आतून कीबोर्डची खडखड ऐकू यायला लागली.

पाहुणे उठले की मुलीनं बाहेर येऊन नमस्कार करायचा, ही आमच्याकडची रीत. आम्ही उठलो. त्रिशला आली नाही. काकूंनी पानसुपारी दिली, त्यांच्या चेहऱ्यावर काही कळायला मार्ग नव्हता. अण्णा अवघडून दाराकडं बघत होते. मामानं माझ्याकडं बघितलं, माझं तोंड बघितलं आणि तोही एकदम गप्प झाला. त्याला मी त्याआधी आणि त्यानंतर इतका गप्प कधीच पाहिला नाही. आम्ही ओसरीवर आलो. मामा चपला घालायला लागला.

"बरं मग," अण्णा हात जोडून म्हणाले, "कळवतो आम्ही."

आमच्या मुलखात 'कळवतो' म्हणणाऱ्यानं पुढं काही कळवल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. मी वाकून अण्णांना नमस्कार केला. पाया पडलो तेव्हा माझे डोळे भरून आले होते, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी जरा जास्तच वेळ वाकून राहिलो.

आतली खडखड थांबली.

"अण्णा!" खोलीतून आवाज आला, फ्लेक्सवरच्या अक्षरांएवढा मोठा. "कळवतो काय? माणूस दारात उभा आहे की! हो म्हणून सांगून टाका आणि त्यांना आत पाठवा. बापूंच्या फोटोतला सिंह कुठं ठेवायचा ते ठरत नाहीये माझं!"

अण्णांचे हात जोडलेलेच राहिले. काकूंनी पदर तोंडाला लावला.

मामानं पायात घातलेली चप्पल परत काढली.